उजवं पाऊल

त्यांनी तुझ्या उजव्या घोट्यावर पट्टा आवळला,
रक्तदाब मोजतात तसलाच,
स्नायू सैल करणारं औषध तेवढ्या पावलात उतरू नये म्हणून.
बाकी सगळे तुम्ही निजलेले असाल, नर्स म्हणाली,
झटका आला की नाही, ते हे पाऊल सांगेल.

मी दाराबाहेर. कोर्ट्रेकच्या त्या इस्पितळात
कॉफीचं यंत्र नाणं गिळतं आणि पेला देत नाही.

चौदा महिने, ओडिल,
तुझ्या डोक्यातलं प्रत्येक कबूतर एकाच खुराड्यात परतत होतं.
मी म्हणे, दूध आणायला हवं.
दुधावरून तुला बाटली, बाटलीवरून काच,
काचेवरून तो ट्रक, ट्रकवरून तुझा भाऊ,
आणि भावावरून: चूक माझीच.
मी म्हणे, ऊन पडलंय बघ.
उन्हावरून ट्रकची काच.
बूर्जला सोड, ऑर्लेआंला सोड,
कुठूनही सुटलेला विचार अंधाराच्या आत तिथेच.
वाट इतकी पाठ असलेला पक्षी
आपण शर्यतीलाही कधी पाळला नव्हता.

डॉक्टर फेरहेल्स्ट, आपल्या धाकटीच्या वयाची,
स्कॅनवर बोट ठेवून म्हणाली:
लोकांना वाटतं, या आजारात तारा तुटलेल्या असतात.
इथे, कपाळामागे, उलट आहे.
हे भाग एकमेकांना सोडतच नाहीत.
एकाने हूं केलं की सगळे हूं.
आणि विजेने ते सुटतात?
काही ठिकाणी सैल होतात. काही ठिकाणी नवं जुळतं.
एका अभ्यासात एक दिसतं, दुसऱ्यात दुसरं.
नेमकं का, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही.

मला ती तेव्हाच आवडली.
ठाऊक नाही म्हणणारं माणूस
हवामान खात्यातसुद्धा मिळत नाही.

मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार.
चौथ्या वेळी तिने मला आत येऊ दिलं.
सिनेमात पाहिलेलं काहीबाही मनात धरून मी उभी.
तू गप्प. तोंडात रबराचा तुकडा,
चेहरा जरासा आवळलेला, लिंबू चोखल्यासारखा,
आणि चादरीच्या टोकाला ते पाऊल
थरथरत होतं, एकटंच,
शर्यतीच्या पेटीचं झाकण उघडण्याआधी
पक्षी आतून थरथरतात तसं.
अडतीस सेकंद. मी मोजले.
मग कुणीतरी हलकेच पट्टा सोडला.

सातव्यानंतर तू विचारलंस, मटारचा डबा कुठे आहे.
एवढंच.
त्याच्यामागे ट्रक नव्हता, भाऊ नव्हता.
डबा नुसता डबा होता, पत्र्याचा, बूड चेपलेला,
चौदा महिने शेजारच्या कामियेलने वाजवलेला.
मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला,
तुला ऐकू जाऊ नये म्हणून.

फुकट काही नसतं.
डे पानेची सहल गेली.
वाळूत रुतलेली गाडी, माझे बूट हातात घेऊन
तू समुद्राकडे पाठ करून उलटा चालत होतास ते.
सांगते तेव्हा मान हलवतोस,
दुसऱ्या कुणाच्या लग्नाची गोष्ट ऐकावी तसा.
आता ती सहल माझी एकटीची.
कधी राग येतो. कुणावर, ते सापडत नाही.

भावाचं मात्र आठवतं तुला. विचारलंय मी.
"रेमी गेला," म्हणालास,
आणि पुढे काही जोडलं नाहीस.

रविवारी बूर्जहून नऊ परतले.
दहावी, ती राखी मादी, आली नाही.
तू अंगणात डबा वाजवत राहिलास,
छपरांवरून, रेल्वेच्या खांबांवरून नजर फिरवत.
मी पडद्याआड, श्वास धरून:
आता तिच्यावरून कुठे जाशील?
"येईल," तू म्हणालास, "नाहीतर नाही."

महिन्यातून एकदा अजून तिकडे जायचंच आहे.
अंधारल्यावर तू आत आलास.
मी उगाच पाहिलं, उंबऱ्यावर कुठलं पाऊल आधी.
डबा तेवढा बाहेरच ठेवलास,
झाकण उघडं.